अतिथी कोण, यजमान कोण?

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरुगृह सोडून निघालेल्या शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्यामागून अतिथीलाही देव मानावयास सांगितले आहे, हेही आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणे निराळे आणि कसोटीस लागणे निराळे. ज्याला देव मानावयाचे त्याला देण्याजोगे आपल्यापाशी खरोखर काय असते, आणि जे देतो ते आपलेच असते काय, हा प्रश्न आम्हांस आजवर कधी पडला नव्हता. तो २०२५ च्या नोव्हेंबरात, सौंसर आणि पांढुर्णा यांच्या वाटेवर, एका दिवसाच्या सहलीत पडला. त्या प्रश्नाचा विचार वाचकांसमोर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे घराणे मूळचे गोमंतकाकडचे. तीन पिढ्यांपूर्वी नागपुरास आले. घरात मराठीच अधिक चालते, पण स्वयंपाकघरात मिरचीला अजून 'मिरसांग'च म्हणतात. आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त मेक्सिकोत असतो. तिकडे ज्या बाईंच्या घरी तो भाड्याने राहतो, त्या साठीच्या घरातल्या विधवा बाई गेल्या दिवाळीनंतर त्याच्याबरोबर हिंदुस्थान पाहावयास आल्या. याच बाईंनी तो तापाने तीन आठवडे अंथरुणास खिळला असता त्याची शुश्रूषा केली होती. तो मांस खात नाही, हे कळल्यावर त्यांनी घेवड्याचे कढण, भात आणि मक्याच्या पातळ भाकरी यांवर त्याला सांभाळले, आणि त्याबद्दल एक पैसाही जास्त घेतला नाही. तिकडची एक रीत पुतण्याने आम्हांस सांगितली होती. मेक्सिकन माणूस स्वतःच्या घराचा पत्ता सांगताना 'माझे घर' न म्हणता 'तुमचे घर' अमुक ठिकाणी आहे, असे म्हणतो. पहिल्या खेपेस पुतण्याला याचा अर्थच कळेना; माझे घर इथे कुठून आले, असे त्याला वाटले. आपणही पाहुण्याला "घर आपलेच समजा" म्हणतोच. तेव्हा अशा बाईंचे आदरातिथ्य यथासांग व्हावे, याविषयी घरात मोठा उत्साह होता.

२ नोव्हेंबरला रविवार होता आणि त्याच दिवशी पंढरपूरची कार्तिकी एकादशी होती. त्या दिवशी बाईंना जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन घडवावे, आमच्या चुलत घराण्याची संत्र्याची बाग दाखवावी आणि पांढुर्ण्याहून परत यावे, असा बेत ठरला. नागपूरहून सावनेरमार्गे निघाले की सौंसर फार दूर नाही. पाट्यांवर हिंदी दिसू लागते, परंतु दुकानदाराच्या तोंडी मराठीच असते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशातच होता; राज्यपुनर्रचनेने नागपूर पलीकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा मागे राहिला. त्या जिल्ह्यातून सौंसर आणि पांढुर्णा या तहसिली काढून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निराळा करण्यात आला. सीमा माणसांच्या डोक्यावरून अशा येतात व जातात. पोळा, भाकरी आणि भाषा जागच्या जागी राहतात.

जामसावळीस पिंपळाखाली हनुमंताची निजलेली मूर्ती आहे. देवळाबाहेर झेंडूच्या फुलांचे ढीग होते. ते पाहताच बाई थबकल्या आणि त्यांचे डोळे पाण्याने भरून आले. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेक्सिकोत घरोघर मृतांचे स्मरण करितात. घरातील एका चौरंगावर झेंडूची फुले, दिवे, पाणी, मीठ आणि गेलेल्या माणसांच्या आवडीचे अन्न मांडतात. झेंडूच्या रंगाने व वासाने त्यांना घराची वाट सापडते, अशी समजूत आहे. मातेच्या आणि पतीच्या नावाने हे करावयाचा दिवस परदेशात, प्रवासात आला, याची खंत बाईंच्या मनात सकाळपासून होती. आणि येथे, सात समुद्रांपलीकडच्या देवळाच्या दारात, त्यांच्या आईचे फूल त्यांची वाट पाहत होते!

कारण झेंडू हे मूळचे मेक्सिकोचे फूल आहे. आपण ते दसऱ्याच्या तोरणात बांधतो, गाडीघोड्यांना आणि शस्त्रांना वाहतो, आणि ते अनादी कालापासून आपलेच आहे असे समजतो. निशिगंधही तिकडचाच. गोव्याच्या देवळांच्या आवारात तळीच्या काठी उभा असणारा, वाकड्यातिकड्या फांद्यांचा खुरचाफा हाही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेला. पुढे रस्त्याच्या कडेला मांडलेल्या पाट्यांतून बाई एकेक फळ उचलून आपल्या भाषेतले नाव सांगू लागल्या. सीताफळ त्यांच्या ओळखीचे, पेरू ओळखीचा. चिकू तर नावानिशी ओळखीचा, कारण आपला 'चिकू' हा शब्दच मेक्सिकोच्या नाहुआ लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे निघालेला आहे. मिरची, टोमॅटो, मका, लाल भोपळा यांच्याविषयी तर बोलावयासच नको.

उपवासाच्या फराळाची गोष्ट याहून मौजेची झाली. आम्हां वडीलधाऱ्यांची एकादशी असल्यामुळे बरोबर डबा घेतला होता. त्यात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि दाण्याची आमटी होती, आणि सर्वांत हिरवी मिरची होतीच. पुतण्याने हसत हसत हिशेब मांडला: साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, बटाटा तेथल्याच पर्वतांतला, भुईमूग तिकडचा, मिरची मेक्सिकोची. ज्या व्रतात आपण धान्य वर्ज्य करून शुद्ध राहतो, त्या व्रताचे सारे ताट पाचशे वर्षांपूर्वी येथे कोणी पाहिलेही नव्हते. आम्ही हसलो खरे, पण ते हसणे थोडे अडखळलेच.

एक आक्षेप येथे सहज सुचतो. या गोष्टी आल्या कोणाच्या हातून? १५१० साली गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या आणि १५२१ साली मेक्सिकोची राजधानी उद्ध्वस्त करणाऱ्या स्पॅनिशांच्या गलबतांतून आल्या. त्याच सत्तेच्या धाकाने १५६० च्या सुमारास आपला मंगेश कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळास आला आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. ज्या हातांनी देवळे पाडली त्यांचे आभार मानावयाचे काय? मुळीच नाही. गलबते आणणाऱ्याचे ऋण आम्हांवर नाही, पिकविणाऱ्याचे आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या खोऱ्यांतील अनाम शेतकऱ्यांनी एका रानगवताचे दाणे निवडून निवडून, पेरून पेरून त्याचे कणीस बनविले. तो मका होय. त्यांचे नाव कोणत्याही खातेवहीत नाही. आपल्या देवतांच्या बाबतीतही हेच झाले. प्रियोळात आणि कवळ्यात ज्या लोकांनी रातोरात आलेल्या देवाला जागा दिली, त्यांच्यापैकी किती जणांची नावे आज आपणांस सांगता येतील? आपले कुलदेव स्वतःच चार शतकांहून अधिक काळ दुसऱ्याच्या भूमीत अतिथी म्हणून राहिले, आणि तेथेच यजमान होऊन आपणांस प्रसाद देत आहेत. हे ध्यानी घेतले म्हणजे 'आमचे' आणि 'परके' हे शब्द आपण किती घाईने वापरतो ते कळते.

दुसरा आक्षेप घरातल्याच एका ज्येष्ठ काकूंनी घेतला. बाईंनी देवळापाशी झेंडूच्या माळा घेतल्या आणि बागेत गेल्यावर आपल्या मृतांसाठी त्या मांडावयाची परवानगी मागितली, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "देवाचं फूल, ते मेल्या माणसांना कशाला?" प्रश्न भाबडा नव्हता. मंगल आणि अमंगल यांची सीमा आपल्या घरांत स्त्रियांनीच सांभाळली आहे, आणि ती वाटेल तशी पुसावी असे आम्हांस वाटत नाही. परंतु उत्तरही आपल्याच आचारात होते. तर्पणाच्या शेवटी आपण केवळ आपल्या गोत्राला पाणी देत नाही. जे बांधव नाहीत, ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, त्यांच्याही नावाने ओंजळ सोडतो. बांधव नसलेल्यांना पाणी देणाऱ्या घरात एका माउलीच्या आईला फूल का मिळू नये? काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग आपण होऊन उठल्या आणि विहिरीचे ताजे पाणी तांब्यात भरून घेऊन आल्या.

फुले झाली, पाणी झाले, मीठ झाले. राहिली मक्याची भाकर. ती असल्याखेरीज बाईंच्या आईचे पान पुरे होईना. आणि येथे आमच्या यजमानपणाची फजिती झाली. छिंदवाड्याकडचा हा सारा प्रदेश मक्याच्या पिकासाठी प्रसिद्ध. बागेच्या बांधापलीकडे मक्याचे शेत उभे. पण आमच्या बागेतल्या घरात मक्याचे मूठभर पीठ नव्हते. आमच्याकडे मका हे गरिबाचे धान्य. पाहुण्याला गव्हाची पोळी करावी, फार तर ज्वारीची भाकरी. मका पाहुण्यासमोर ठेवणे म्हणजे घराची शोभा घालविणे. चुलत्यांनी सौंसरला माणूस पाठवितो म्हटले. तोवर राखणदाराच्या घरून निरोप आला: भाकरी टाकल्या आहेत, पाहुण्या बाईंना घेऊन या.

राखणदाराचे कुटुंब गोंड आहे आणि ते दोन पिढ्या त्या बागेत राहते. त्यांचे घर आमच्या घरापासून शंभर पावलांवर आहे. आमचे तेथे जाणेयेणे चाळीस वर्षांचे आहे. आणि हे लिहिताना आम्हांस लाज वाटते, की त्या चाळीस वर्षांत आम्ही त्या घराच्या अंगणात एकदाही बसलो नव्हतो. त्यांच्या घरातले माणूस आमच्या ओट्याशी येई, उभ्याने बोले, दिलेले घेऊन जाई. आमच्या मते आम्ही त्यांच्याशी चांगलेच वागत होतो. सणाला धान्य देत होतो, दुखण्याला पैसे देत होतो. त्यांचे काही घ्यावे, ही कल्पना मात्र कधी मनात आली नाही.

अंगण शेणाने सारवलेले होते. चुलीवर मक्याच्या जाड भाकरी, पाट्यावर वाटलेली लाल मिरची आणि भाजलेले टोमॅटो. बाई चुलीपाशी अशा बसल्या की जणू माहेरी आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पिठाचा गोळा दोन तळव्यांत थापटण्याची गती दोघींचीही तीच होती. बाईंनी पुतण्याकरवी सांगितले की त्यांच्याकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवितात आणि मगच वाटतात. घरधनिणीने कनवटीची चुन्याची डबी काढून दाखविली: हाच का चुना? हाच. दोघी पुष्कळ हसल्या.

या चुन्यात मोठे शहाणपण दडलेले आहे. चुन्याच्या पाण्याने मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व मोकळे होते व अंगी लागते. युरोपीयांनी मका नेला, पण पिकविणाऱ्या बायकांची ही रीत अडाणीपणा समजून मागेच टाकली. पुढे स्पेनमध्ये आणि इटलीत निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. स्पेनमधील कासाल या वैद्याने १७३५ साली त्याचे वर्णन केले. कातडी सोलून निघे, बुद्धिभ्रंश होई, मृत्यू येई. पाहुण्याची शिदोरी हिसकावून घेतली, पण त्याचे बोलणे ऐकून घेतले नाही, तर अन्नाचेही विष होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

भाकरी वाढण्याची वेळ आली तेव्हा आम्ही मनातून निश्चिंत होतो. आमची एकादशी होती. तरुण मंडळी बाईंच्या सोबत जेवतील. आम्ही हात जोडून बसू. कोणाचा मान मोडणार नाही आणि आमचे जुने वळणही मोडणार नाही. व्रताची अशी ढाल किती वेळा आपल्या उपयोगी पडते! इतक्यात घरधनीण एक पितळी घेऊन आली. तिच्यात उकडलेली रताळी होती. ती म्हणाली, "तुमची एकादस हाये, मले ठाव हाये. हे चालते नं तुमाले."

वाचकहो, आमचा हात क्षणभर थांबला. तो का थांबला याची कारणे आम्ही देऊ शकू. सोवळ्याची, सवयीची, वयाची. पण त्या क्षणी एकच गोष्ट लख्ख दिसली. तिला आमच्या उपवासाचे नियम तोंडपाठ होते आणि आम्हांला तिच्या घरात किती माणसे आहेत हेही नक्की माहीत नव्हते. चाळीस वर्षे आम्ही स्वतःला यजमान समजत होतो. पण आम्हांला काय चालते आणि काय चालत नाही याची चिंता वाहणारी ती होती. यजमानाचे खरे लक्षण तिच्याकडे होते. आम्ही रताळे उचलले आणि खाल्ले. काकूंनी मात्र खाल्ले नाही. त्या उठून गेल्या नाहीत, एवढे त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे.

अतिथीकडेही एक कर्तव्य असते, आणि त्याचे उदाहरण आमच्या विदर्भातच आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर पक्षाच्या उभारणीतले क्रांतिकारक. परक्या सत्तेने मायदेशाची वाट बंद केल्यावर देशोदेशी भटकून ते १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. त्या देशाने त्यांना आसरा दिला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापकाची जागा दिली. त्यांनी आभाराची भाषणे केली नाहीत; मक्याच्या नव्या जाती तयार केल्या आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर रंगविलेल्या 'आमची भाकर' या चित्रात मेजाच्या शिरोभागी भाकर मोडून वाटणारा पुरुष आहे, तो हा वर्ध्याचा मनुष्य. अतिथीला भिंतीवर यजमानाच्या जागी बसविणारा देश थोर, आणि त्या जागेस पात्र होणारा अतिथीही थोर. खानखोजे १९५५ नंतर नागपुरास येऊन राहिले. १९६६ साली, दुष्काळाच्या छायेत, हिंदुस्थानने मेक्सिकोहून लेर्मा रोहो जातीच्या गव्हाचे अठरा हजार टन बियाणे आणविले. १९६७ च्या जानेवारीत खानखोजे नागपुरास वारले, तेव्हा मेक्सिकोचा गहू आपल्या शेतांत उभा होता. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभारला गेला.

घेणे आणि देणे यांचा हा फेरा एकाच दिशेने चालत नाही. आपला आंबा तिकडे गेला आणि आवडता झाला. चिंचेचे सरबत तिकडे घरोघर पितात, आणि तिच्या स्पॅनिश नावात अजून 'हिंद' हा शब्द आहे. बाईंच्या स्पॅनिश भाषेत पाहुण्याला जो शब्द आहे, तोच पूर्वी यजमानालाही लावीत असत. शब्द घडविणाऱ्यांनी दोघांत भेद केला नाही, तो उगीच नव्हे.

परतीच्या वाटेवर पांढुर्ण्यास जाम नदीचे पात्र लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव या दोन तीरांचे लोक एकमेकांवर दगडगोटे फेकतात, तीच गोटमार. दरसाल माणसे जखमी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत. बाईंनी विचारले, ही कोण वैरी माणसे? पुतण्या म्हणाला, "वैरी नव्हेत, शेजारी." आम्हांस वाटले, दगड फेकणाऱ्यांस नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस उरला नाही. सात समुद्रांपलीकडून आलेल्या बाईंसाठी आम्ही दारात रांगोळी काढली होती; शंभर पावलांवरच्या घरात आम्ही चाळीस वर्षे पाऊल टाकले नव्हते. दूरच्या अतिथीचा सत्कार सोपा असतो, कारण तो चार दिवसांनी जातो आणि आपले काही बदलून मागत नाही. जवळचा मनुष्य रोज समोर असतो. त्याला अतिथी मानावयाचे तर आपली बसण्याची जागाच बदलावी लागते.

म्हणून आम्हांस असे वाटू लागले आहे की आतिथ्य हा केवळ दानाचा धर्म नाही. त्याचा अवघड अर्धा भाग घेण्याचा आहे. जो केवळ देतो तो नकळत वरच्या पायरीवर उभा राहतो. दुसऱ्याच्या अंगणात बसून त्याच्या हातचे घेताना ती पायरी सुटते. परंपरा टाकावी, व्रते मोडावीत असे आम्ही म्हणत नाही. एकादशी आम्ही पुढेही धरू. पण ज्या व्रताचे ताट साऱ्या जगाने भरले आहे, त्या व्रताच्या आडोशाने जवळच्या माणसाचा हात नाकारणे, हे व्रत नव्हे.

गेल्या संक्रांतीस आम्ही राखणदाराच्या कुटुंबास नागपुरास घरी बोलाविले. सारे आले. पंगत एकच मांडली. काकू त्या पंगतीस बसल्या नाहीत, पण वाढावयास त्या उभ्या राहिल्या, आणि घरधनिणीच्या पानात तिळाची पोळी वाढून त्यांनी तिला विचारले, "मक्याची भाकरी तू कशी थापतेस, ती मोडत कशी नाही?" ती सांगत होती आणि काकू ऐकत होत्या. पोळी हातातच राहिली होती.